पाचव्या गोळीची नोंद

५ एप्रिल, मंगळवार

हाउकिवाराला पोहोचलो. सामानाचा ट्रक साडेअकराला दारात लागला आणि दोनपर्यंत रिकामा झाला. पुस्तकांच्या एकेचाळीस खोक्यांनी हमालांना घाम फोडला. सायमीनं त्यांना कॉफी दिली आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की मी या माणसाशी लग्न केलं तेव्हा सातच खोकी होती, एकेचाळीस असती तर मीही पळाले असते. हमाल हसले. मीही हसलो. सव्वीस वर्षं या बाईनं माझी अशीच चामडी सोलली आहे आणि त्यामुळेच मी माणसात आहे.

घर पिवळं, लाकडी. मागे अंगण, अंगणाच्या टोकाला सरपणाची शेड, पलीकडे बर्चची झाडं. बर्फ अजून सावलीच्या जागी चिकटून आहे.

सोमवारपासून मी इथल्या कामगार विद्यालयाचा मुख्य. तीस वर्षं कागद गिरण्यांच्या फाटकांवर, संपाच्या तंबूंत, दारूबंदीच्या सभांत ओरडलो. मालकांच्या हजेरीपत्रकातले खोटे आकडे मी हजारो लोकांसमोर वाचून दाखवले आणि सांगितलं, की तोंडानं बोललेलं खोटं वाऱ्यावर जातं, पण लिहून सही केलेलं खोटं माणसं मारतं. आता घसा बसला. डॉक्टरनं बजावलं, तासभर तोंड मिटून करता येईल असा काही छंद लावून घ्या. सायमीचं म्हणणं, आतोससाठी असा छंद अजून निघालेला नाही.

निघाला आहे. नेमबाजी. तिथे श्वाससुद्धा रोखून धरावा लागतो.

९ एप्रिल, शनिवार

नेमबाजांचा क्लब गावाबाहेर, जुन्या खडीच्या खाणीत. लाल रंगाची खोली, आत चूल, कॉफीचं भांडं, वेलदोड्याच्या पावाचा वास. सगळा कारभार ओन्नी पेर्तुला या एकाच माणसाच्या हातात. रेल्वेतून निवृत्त, सत्तरीचा, हात मात्र दगडासारखे स्थिर. त्यानं हात पुढे केला आणि जाहीर केलं, की इथे अहोजाहो चालत नाही, गोळी कुणाला अहो म्हणत नाही. मग म्हणाला, संपाच्या वेळी तुझं भाषण ऐकलंय मी. पाऊस होता. तू छत्रीत होतास, आम्ही नव्हतो.

नियम साधे. स्वतःचं रिव्हॉल्व्हर घ्यायला पोलिसांचा परवाना लागतो, परवान्याला क्लबची शिफारस लागते, आणि वसंतातल्या सामन्यात बरे गुण पडल्याशिवाय शिफारस मिळत नाही. तोवर क्लबच्या कपाटातली हत्यारं चालवायची. शिवाय प्रत्येक नवख्यानं वही ठेवायची. तारीख, प्रत्येक फेरीची वेळ घड्याळ बघून, हत्यार कोणतं, भोकं किती. हीच ती वही. चार आकडे पुरेत म्हणे. चार आकड्यांत थांबता आलं असतं तर माझा घसा बसला असता का?

१६ एप्रिल, शनिवार

आज तीन रिव्हॉल्व्हरं हाताळली. ओन्नीची शिकवण अशी, की बूट घेताना आधी पाय बघतो तसं इथे आधी मूठ बघायची, मग नळी, किंमत सगळ्यात शेवटी. चाप बोटाच्या पेरात अडकता कामा नये, बोटाच्या टोकाच्या मऊ भागावर यायला हवा.

पहिलं आखूड नळीचं. हलकं, पण प्रत्येक गोळीला हातात उसळतं. कमरेला लावून मिरवायला ठीक, कागदावर दहा गुण काढायला नाही. दुसरं नवं कोरं, लांब नळीचं, वजनदार. नळी लांब असली की माशी, म्हणजे टोकावरचा नेमाचा खुंट, दूर जाते आणि नेमातली चूक लवकर कळते. पण मूठ इतकी जाड की माझं बोट चापापर्यंत जेमतेम पोहोचतं. हे धरून तू नेम धरतोयस की गाईचं दूध काढतोयस, असं ओन्नीनं विचारलं.

तिसरं जुनं. अडतीस बोअरचं, लांब नळीचं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ घासून गुळगुळीत झालेली. हातात घेतलं आणि काही जुळवावंच लागलं नाही. हे एलिस राउतावुओरीचं. गेल्या शरद ऋतूत त्याची बायको लेम्पी गेली. त्यानंतर त्यानं ते इथे आणून ठेवलं आणि परत हात लावला नाही. फेब्रुवारीत तोही गेला. त्याच्या बहिणीची इच्छा आहे की ते चालवणाऱ्याच्या हाती जावं.

२३ एप्रिल, शनिवार

एलिसचं रिव्हॉल्व्हर चालवलं. पंचवीस मीटर, एक फेरी, वेळ १२.४०.

चक्रात सहा घरं, पण सामन्याच्या फेरीत पाचच गोळ्या भरतात. अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, अर्धा श्वास सोडायचा, माशी स्पष्ट बघायची, समोरची काळी चकती धूसर राहू द्यायची. सपाट तोंडाच्या गोळ्या कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतात. पाच गोळ्या झाडल्या. कागद आणला. भोकं चार, चारही काळ्यात.

मी म्हणालो, पाचवी गेली. शून्य लिही. ओन्नीनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अरे वक्त्या, ज्यानं चार काळ्यात टाकल्या तो पाचवी काय रानात फेकणार? दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्यात. या क्लबात न सापडलेली गोळी दहात धरतात. क्लब स्थापन झाला तेव्हापासूनची रीत आहे, तू काल आलास.

पाचवीची खूण शोधत मागच्या वाळूच्या ढिगाऱ्यापर्यंत जाऊन आलो, काही नाही. चारही भोकांच्या कडा जशाच्या तशा होत्या, एकही रुंदावलेलं नव्हतं. मी ते पाहिलं. मग परत येऊन क्लबच्या रजिस्टरमध्ये दहाच्या पुढे सही केली. खाली ओन्नीची.

३० एप्रिल, शनिवार

एलिसचं रिव्हॉल्व्हर. दोन फेऱ्या, १२.१५ आणि १२.३५. दोन्हींत भोकं चार, दोन्हींत पाचवी दहात. हातच चांगला बसलाय, असं ओन्नीचं मत. त्यानं दुसऱ्यांना बोलावून कागद दाखवला. पाठीवर थाप पडली. या गावात मला अजून कुणी मोजत नव्हतं.

७ मे, शनिवार

१२.२० आणि १२.४५. तेच. आता मीच वाळूपर्यंत जात नाही.

२१ मे, शनिवार

आज तीन फेऱ्या, गेल्या शनिवारीही तीन. १२.१०, १२.२५ आणि १२.५०, दोन्ही शनिवारी याच वेळा. सहाही फेऱ्यांत पाचवी गोळी कागदावर नाही, रजिस्टरात आहे.

सायमीला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, की गिरणीच्या मालकानं न आलेल्या मजुराची हजेरी लावली असती तर तू काय म्हणाला असतास? मी म्हणालो, हा खेळ आहे. ती म्हणाली, हो, तोही खेळच म्हणायचा.

२८ मे, शनिवार

सामना. सहा फेऱ्या, १२.१० पासून दर दहा मिनिटांनी, शेवटची बरोबर एक वाजता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा जिल्ह्याची ढाल हाउकिवाराला आली, आणि ती माझ्या गुणांवर आली. ओन्नी रडला. मला खांद्यावर घ्यायला निघाले होते, पण माझं वजन पाहून बेत बदलला. गुणपत्रकाची प्रत जिल्ह्याला गेली, शिफारस पोलिसांकडे. परवाना हातात येईपर्यंत रिव्हॉल्व्हर क्लबच्या कपाटात राहील.

सहाही कागदांवर भोकं चार होती.

घरी आलो तर सायमी म्हणाली, शेडच्या दाराला भोक पडलंय. ती फाटकापाशी होती, रेडिओवर बाराच्या बातम्या संपून थोडा वेळ झाला होता. टक् असा आवाज आला. मी सुतारपक्षी म्हणालो. तिनं विचारलं, कंपास घेऊन फिरणारा का?

जाऊन पाहिलं. गोल, स्वच्छ. लाकडाची एक शीर निघालेली नाही.

४ जून, शनिवार

आज मी घरीच. सायमी अंगणात चादरी वाळत घालत होती. १२.१५ ला आवाज आला. कागद पंच केल्यासारखा, पण मोठा. चादरीच्या टोकाला भोक. कापड फाटलेलं नाही, धागा लोंबत नाही. मागे गवतात काही नाही. १२.३५ ला दुसरं, त्याच चादरीत, सायमीच्या हातापासून चार पावलांवर.

सरावाचा एक कागद माझ्याजवळ होता. चादरीवर धरला. भोकावर भोक तंतोतंत बसलं.

११ जून, शनिवार

१२.२० आणि १२.४५. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच. दोन भोकं, एकही तडा नाही. सायमी ओट्यापाशी उभी होती. आतल्या भिंतीवर काही नाही. गोळी काचेपर्यंत येते आणि तिथेच संपते.

या वेळा मी कुठेतरी लिहिल्या आहेत हे मला ठाऊक होतं. वही उघडली. ७ मे, १२.२० आणि १२.४५. ३० एप्रिल, १२.१५ आणि १२.३५. पाच आठवडे. मिनिटाचाही फरक नाही.

१२ जून, रविवार

रात्रभर माझी बुद्धी या गोष्टीविरुद्ध उभी राहिली. ज्या माणसानं आयुष्यभर भुताखेतांची टिंगल केली त्यानं हे मानायचं? पण आकडे माझ्याच हातचे आहेत.

एकूण सतरा गोळ्या कागदावर पोहोचल्या नाहीत. पाच आल्या. बारा वाटेत आहेत. उरलेल्यांची तारीख आणि वेळ माझ्याकडे लिहिलेली आहे. आणि पहिली शेडच्या दाराला लागल्याचं मी पाहिलं तेव्हाच शेवटची सुटून चुकली होती. मी आता काहीही थांबवू शकत नाही.

त्या घराकडे येत नाहीत. अंतरं मोजली. शेड, चादर, काच. दरवेळी सायमी जिथे होती तिथून मोजली. पहिली अकरा पावलांवर, मग सहा, चार, अडीच, दोन.

मी त्यांच्यापुढे दहा लिहिलं आहे. दहा म्हणजे मध्य. त्या आता मध्य शोधत आहेत.

१८ जून, शनिवार

तिला बटाट्यांच्या तळघरात बसवलं. मी तिच्यापुढे उभा राहिलो, हात पसरून. १२.१० ला तळघराचं दार. १२.२५ ला माझा कोट, छातीवर, पुढून मागे आरपार, मला ओरखडाही नाही. मी मध्ये उभा आहे याची त्यांना पर्वा नाही. १२.५० ला तिच्या रुमालाचं टोक.

तिला सगळं सांगितलं. ओरडली नाही. रुमालाच्या भोकातून बोट घातलं आणि विचारलं, मग तू शून्य का नाही लिहिलंस?



१९ जून, रविवार

या वहीतले सगळे दहा खोडले. सतरा शून्यं लिहिली. प्रत्येकापुढे सही.

२५ जून, शनिवार

मध्य-उन्हाळ्याचा सण. सायमीच्या बहिणीकडे, तळ्यातल्या बेटावर. घरापासून दीडशे किलोमीटर. लोक होळी पेटवायला लाकडं रचत होते, अकॉर्डियन वाजत होतं. १२.१० — टोपीची कड. १२.२५ — तिच्या हातातला चमचा. तिनं तो खाली ठेवला नाही, भोकातून माझ्याकडे पाहिलं. १२.५० — बाही. खांद्यापाशी. कातडीला गार लागलं, म्हणाली.

खोडून उपयोग झाला नाही. खरी नोंद इथली नाही. क्लबच्या रजिस्टरातली, दोन सह्यांची.

सहा उरल्या. सगळ्या एकाच दिवशी.

२९ जून, बुधवार

क्लबची बैठक. बोललो. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. मी खोटं लिहिलं, तुम्ही सह्या केल्या, त्या गोळ्या पाच आठवड्यांनी माझ्या बायकोवर येतात, सामन्याचे सहा दहा खोडून शून्य करा, ढाल परत करा.

आधी हसले. मग एकानं विचारलं, घसा बसला तेव्हा डोकंही बसलं का रे? दुसरा म्हणाला, एकोणीस वर्षं थांबलो आम्ही, तू तीन महिन्यांचा पाहुणा. मागून कुणीतरी पुटपुटलं, एलिसही शेवटी हेच मागत होता.



ओन्नीनं कपाटाला कुलूप लावलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

१ जुलै, शुक्रवार

दुपारी ओन्नी आला. काखेत रजिस्टर. बाहेरच उभा, टोपी हातात. म्हणाला, लेम्पी शनिवारी गेली, चुलीपाशी, जेवणाच्या वेळेला. अंगावर जखम नव्हती, डॉक्टर म्हणाले हृदय. आणि आज सकाळी मी मागची पानं उलटली, आतोस. त्या शनिवारपासून पाच आठवडे मागे गेलो. तिथे एलिसच्या दहाखाली माझी सही आहे.

मग म्हणाला, पेन दे.

सामन्याचं पान. कागद तिथेच टाचलेले. एक एक कागद तपासला, मोजला. पहिल्या पाचांत भोकांच्या कडा साफ, संशयाला जागाच नाही. पाच दहा खोडले. पाच शून्यं. त्याची सही, माझी सही.

सहाव्यापाशी माझा हात थांबला.

या कागदावरचं एक भोक किंचित लांबट आहे. की वाटतं? सामन्याच्या गोंधळात हे कुणी पाहिलंच नव्हतं. लांबट असेल तर दोन गोळ्या खरोखर एकातून गेल्या. मग ही दहा खरी. मग ही वाटेत नाहीच.

ओन्नी म्हणाला, मरू दे, शून्य लिही. मी म्हणालो, खोट्या दहानं हे केलं, खोटं शून्य काय करील तुला माहीत आहे? आता या पानावर मी एकही खोटा आकडा लिहिणार नाही.

उद्या उजेडात, भिंगाखाली.

२ जुलै, शनिवार

१२.१० — काही नाही.

१२.२० — काही नाही. ओन्नी टेबलाशी, पेन उघडून बसलाय.

१२.३० — नाही. सायमीनं आठवड्यात पहिल्यांदा कॉफी केली.

१२.४० — नाही. ती हसली. ओन्नीला म्हणाली, खोटारड्यांनो, साखर घ्या.

१२.५० — नाही! पाचही गेल्या, सहावीची वेळ एक. शून्य लिहिलेली गोळी येत नाही. सिद्ध झालं.

१२.५३ — सहावा कागद. भिंगातून उजवी कड जरा दबलेली. दुसऱ्या गोळीची कमान असू शकते. कागद ओला होऊन ताणला असेल तरी असंच —

१२.५५ — ओन्नी टेबलावर मूठ आपटतोय. शून्य लिही, गाढवा, शून्य. त्याची सही त्यानं आधीच करून ठेवली. माझी बाकी आहे.

मी सत्यासाठी थांबलोय. दुसरं काही नाही.

नाही — इथे तरी खोटं नको. मला ती हवी आहे. सतरांतली एक. एक तरी माझी —

१२.५७ — आहे. कमान आहे. मला दिसते आहे. ओन्नी म्हणतो त्याला दिसत नाही, पण त्याचे डोळे सत्तरीचे —

१२.५९ — सायमीला हाक मारली. तिची नजर चांगली. खिडकीत उजेड आहे. कागद हातात दिला. नीट बघ म्हणालो, घाई नको. तिनं तो उजेडाकडे धरला, अगदी डोळ्याजवळ, भोकातून पलीकडे बघतेय. ओन्नी ओरडतोय. ती म्हणते, आतोस, हे तर एकच